अपंग शेतकऱ्यांसाठीच्या उपक्रमात 'जगणं सुधारलं' हे मोजायचं कसं?

वेशीवरची
नमस्कार मंडळी. अपंगत्व असलेल्या शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या एका उपक्रमाचं मूल्यमापन आखायचं आहे. मदत म्हणजे शेतावर जाऊन कामांची पाहणी, अवजारांत आणि ट्रॅक्टरमध्ये फेरबदल (जादा पायरी, पकडायला दांडा, हाताने चालवायचा क्लच), गोठ्यापासून वैरणीपर्यंतची वाट सपाट करणं आणि गरजेप्रमाणे सल्ला. साधारण ६० शेतकरी, मुदत दीड वर्ष. निधी देणाऱ्यांना शेवटी एक वाक्य हवं आहे : "जीवनमानात अमुक टक्के सुधारणा."

इथे जीवनमान म्हणजे घर, उत्पन्न, सोयी असं राहणीमान नव्हे. माणसाला स्वतःचं जगणं कसं वाटतं, ते. त्यासाठी कोणती प्रश्नावली घ्यावी? किती वेळा आणि कधी विचारावी? मधेच गळणाऱ्यांचं काय करायचं? आणि तो टक्क्यांचा आकडा द्यावा की देऊ नये? समोर चार पर्याय आहेत : जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ, ईक्यू-५डी, मॅकगिल, नाहीतर घरीच बसून दहा प्रश्न तयार करणं.

रुमालवाला
रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

मोजपट्टी
चौथा पर्याय आधी बाद करा. घरी तयार केलेल्या दहा प्रश्नांची तुलना कशाशीच करता येत नाही. शिवाय आकडा हलला तर जगणं हललं की प्रश्नच गुळगुळीत होते, हेही सांगता येत नाही.

ब्रेफमध्ये २६ प्रश्न. पहिले दोन सर्वसाधारण, बाकी २४ चार भागांत : शारीरिक ७, मानसिक ६, सामाजिक ३, परिसर ८. उत्तरं १ ते ५, विचार मागच्या दोन आठवड्यांचा. ३, ४ आणि २६ हे प्रश्न उलटे आहेत. तिथे ६ मधून उत्तर वजा करायचं, आणि निम्म्या चुका इथेच होतात. मग प्रत्येक भागाची सरासरी गुणिले ४, त्यातून ४ वजा, उरलेल्याला १०० ने गुणून १६ ने भागायचं. म्हणजे सरासरी ३ आली तर १२, आणि शंभराच्या पट्टीवर ५०. चारही भागांची बेरीज करून एकच आकडा काढायचा नाही, ही प्रश्नावली त्यासाठी बनलेलीच नाही. सामाजिक भागात तीनच प्रश्न आणि त्यातला एक लैंगिक आयुष्याबद्दल. तो बरेच जण सोडून देतात. उरलेल्या दोन उत्तरांवर भागाचा आकडा काढता येतो, एकावर नाही.

तुमच्या कामाला ब्रेफ बरी. अपंगत्वासाठी तिला १३ प्रश्नांची वेगळी जोडही आहे. स्वतःचे निर्णय स्वतः घेता येतात का, लोक मान देतात का, अशा गोष्टी तिच्यात येतात.

खुरपं
मोजपट्टी यांच्या गणिताशी सहमत, निवडीशी नाही. ब्रेफचा चौथा प्रश्न बघा : रोजचं जगणं चालवायला औषधोपचाराची किती गरज पडते? मणक्याला इजा झालेल्या माणसाला ती कायमच पडणार. तुम्ही शेतात काहीही बदला, हे उत्तर जागचं हलणार नाही.

ईक्यू-५डी-५एल (ईक्यू-५डीची पाच पातळ्यांची आवृत्ती) त्याहून अवघड. पाच बाबी, प्रत्येकीच्या पाच पातळ्या, म्हणजे एकूण ३१२५ अवस्था. कागदावर देखणी दिसते. पण पहिली बाब चालण्याची आहे आणि शेवटची पातळी "मला चालता येत नाही". आता बांधावरून, चिखलातून जाणारी पट्ट्याच्या चाकांची खुर्ची मिळालेला शेतकरी घ्या. काल अंगणापर्यंत जात होता, आज विहिरीवर जाऊन स्वतः पंप सुरू करतो. त्याचं उत्तर काय? "मला चालता येत नाही." कालही तेच, आजही तेच. तुमचा उपक्रम पाय बदलत नाही, वाट बदलतो. वाटेबद्दल विचारणारा प्रश्नच नसेल तर मोजणार काय?

तिरकस
थोडक्यात, उंची मोजायला तराजू आणलाय.

ढेकूळ
मग वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न का नकोत? पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची काळजी, संवाद. सोपे आहेत, सगळीकडे चालतात.

मोजपट्टी
@ढेकूळ, ते प्रश्न कोणाला किती अडचण आहे हे ओळखायला आहेत, फरक मोजायला नाहीत. सुरुवातीला एकदा विचारा आणि गट पाडायला वापरा. त्यातही गंमत अशी, की पाहण्याच्या प्रश्नात "चष्मा लावूनही" आणि ऐकण्याच्या प्रश्नात "श्रवणयंत्र लावूनही" असं म्हटलंय, पण चालण्याच्या प्रश्नात काठी-कुबडीचा उल्लेख नाही. तुमचं साधन त्या प्रश्नाला दिसतच नाही.

@खुरपं, चौथ्या प्रश्नाचा मुद्दा मान्य. पण ब्रेफमध्ये इकडेतिकडे हिंडता-फिरता कितपत येतं (१५), रोजची कामं करता येण्याबद्दल कितपत समाधान आहे (१७), काम करण्याच्या कुवतीबद्दल कितपत (१८) हे तीन प्रश्न आहेत. ते हलतात.

पाठकोरा
या विषयाचा इतिहास कोणी काढला नाही म्हणून लिहितो. अमेरिकेत ॲग्रॲबिलिटी नावाचा उपक्रम आहे. १९९० च्या शेती कायद्यात त्याची तरतूद झाली आणि १९९१ पासून तो तिथल्या कृषी खात्याच्या निधीवर चालतो. तिथे मॅकगिल प्रश्नावली वापरली गेली. ही मूळची कॅनडातली, १९९५ च्या सुमाराची, आणि जिवावर बेतलेल्या आजारातल्या लोकांसाठी केलेली. १६ प्रश्न आणि वर एक एकंदर प्रश्न, सगळे ० ते १० च्या पट्टीवर. शेतकऱ्यांसाठी ती उचलण्याचं कारण समजतं : तिच्यात दुखण्याइतकाच भर जगण्याला अर्थ वाटतो का, आपल्या हातात काही आहे का, आसपासची माणसं आधार देतात का यावर आहे. मात्र तिथेही ती एकटी नव्हती. शेतात आणि घरात स्वतःचं स्वतः किती करता येतं, याची प्रश्नावली वेगळी होती. जगणं आणि जमणं या दोन वेगळ्या पट्ट्या ठेवल्या. या धाग्याला उपयोगी पडावं असं त्यात एवढंच आहे.

मॅकगिलमधली खाच : काही प्रश्नांत १० चांगलं, काहींत १० वाईट. विचारणारा तंद्रीत असला की पानभर "आठ, आठ, आठ" अशी उत्तरं येतात. असा कागद तिथल्या तिथे परत विचारून घ्यायचा. कार्यालयात गेल्यावर तो दुरुस्त होत नाही.

सुगीचे_दिवस
कधी विचारायचं, याकडे अजून कोणी आलं नाही, आणि सगळा खेळ तिथेच फसतो. मूळ मॅकगिल मागच्या दोन दिवसांबद्दल विचारते, ब्रेफ दोन आठवड्यांबद्दल. शेतकऱ्याचे दोन आठवडे म्हणजे कुठले दोन? पहिली मोजणी काम नसलेल्या महिन्यात, दुसरी सहा महिन्यांनी ऐन कापणीत. दुखणं वाढलेलं, झोप गेलेली, मजूर मिळत नाहीत. आकडा खाली येतो आणि अहवालात छापतात, "उपक्रमानंतर जीवनमान घसरलं". उलट क्रमाने केलं तर फुकटची सुधारणा पदरात.

म्हणून मोजणी बारा महिन्यांनी, त्याच महिन्यात. आणि महिन्यापेक्षाही कामाचा टप्पा धरा, कारण पेरणी पुढे-मागे होते. कागदावर एक रकाना ठेवा : "सध्या कोणतं काम चालू आहे?" दुसरा रकाना : "गेल्या वर्षात या मदतीशिवाय मोठं काय घडलं?" पीक बुडालं, भाव पडला, घरात आजारपण आलं. पुढे आकड्यांचा अर्थ लावताना हे दोनच रकाने कामाला येतात.

वेशीवरची
सुगीचे_दिवस, आभार. आराखड्यात सहा महिनेच होते. बदलते.

तिरकस
बारा महिन्यांनी पाऊसच आला नाही तर?

सुगीचे_दिवस
तर ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं, तिरकसराव. आणि त्याच भागातले, अजून मदत न मिळालेले काही शेतकरी त्याच वेळी मोजलेले असतील तर पाऊस दोघांनाही सारखाच हुकलेला असतो.

कोपरखळी
विचारणार कोण, याला सगळे बगल देतायत. ज्या कार्यकर्त्याने ट्रॅक्टरला पायरी बसवून दिली तोच वर्षाने कागद घेऊन गेला, तर समोरचा ९ पेक्षा कमी सांगेल? घरी आलेल्या माणसाचं मन कोण मोडतं! आणि सुरुवातीला याच्या बरोबर उलटं होतं. मदत मिळेल की नाही हे ठरायचं असतं, तेव्हा अडचण आहे त्याहून मोठी सांगितली जाते. पहिला आकडा खाली ओढलेला, शेवटचा वर ढकललेला. मधलं अंतर बघून सगळे खूश.

उपाय दोन. पहिली मोजणी मदत मंजूर झाल्याचं सांगितल्यानंतर, पण साधन पोचायच्या आधी करायची. या दोन दिवसांच्या मधली जागा अरुंद असते, ती वेळापत्रकात आधीच कोरून ठेवा. दुसरं, विचारणारा माणूस वेगळा हवा. तेवढी माणसं नसतील तर दोन भागांतल्या कार्यकर्त्यांची अदलाबदल करा आणि उत्तरं बंद पाकिटात घ्या.

आडवाट
बंद पाकिटाला माझा ठाम विरोध. या प्रश्नावल्यांत उदासी, हताशपणा, जगण्याला अर्थ वाटतो का, असे प्रश्न आहेत. एखाद्याने तिथे ० लिहिलं आणि पाकीट तीन महिन्यांनी उघडलं तर? विचारायच्या आधी हे लिहून ठरलेलं हवं : कोणत्या प्रश्नावर कोणतं उत्तर आलं की त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, आणि तो फोन उचलणारा माणूस खरोखर नेमलेला आहे का. तेवढी सोय नसेल तर ते प्रश्न विचारायचा हक्क नाही. आणि असं उत्तर देणाऱ्याला "तुमचं कोणाला सांगणार नाही" असं आधी छातीठोक सांगितलेलं नसावं. "जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी सांगावं लागेल" हे वाक्य सुरुवातीलाच.

कोपरखळी
मान्य, पाकिटाचं मागे घेतो. वेगळ्या माणसाने फोनवर विचारणं किंवा त्याने स्वतः जाऊन विचारणं, हे जास्त बरं.

काठीकर
फोन म्हटल्यावर ऐकू न येणारे बाद झाले की हो. आणि समोर बसून विचारलं तरी घरातलाच माणूस मधे दुभाषा. "यांना काय विचारता, मी सांगते ना, बरं चाललंय." ते उत्तर घरच्यांचं, शेतकऱ्याचं नाही. खुणांची भाषा येणारा बाहेरचा दुभाषा लागतो, आणि तो मोजणीच्या तारखेला लागतो. ऐन वेळी शोधून मिळत नाही.

ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांच्यासाठी ० ते १० ची पट्टी काठीवर करा. दीड हाताची गुळगुळीत काठी, तिच्यावर सारख्या अंतरावर खाचा. एका टोकाला खिळ्याचं डोकं, म्हणजे वाईट टोक कोणतं ते बोटाला कळतं. मधल्या पाचाची खाच दुहेरी. अंगठा सरकवत जायचं आणि थांबायचं. खरे प्रश्न सुरू करण्याआधी दोन सरावाचे : "आजवरचं सगळ्यात वाईट दुखणं आठवा, ते कुठे?" आणि "दुखणं अजिबात नसलेला दिवस कुठे?" दोन्ही एकाच टोकाला दाखवले तर पट्टी समजलेली नाही. पुढे जाऊ नका.

बौद्धिक अपंगत्व असेल तर अकरा पायऱ्या फार होतात. तीन चेहरे पुरे. आणि "हो" म्हणण्याची सवय तपासायला एकच गोष्ट उलटसुलट विचारायची : "काम जमतं का?" आणि बऱ्याच वेळाने "काम जमत नाही का?" दोन्हींना "हो" आलं तर त्या उत्तरांवर भिस्त ठेवता येत नाही.

खुरपं
काठीची कल्पना एक नंबर.

भाषांतर_कोश
मराठीत विचारणार असाल तर "समाधानी आहात का?" हा शब्द जपून. ब्रेफचा अर्धा डोलारा त्याच्यावर आहे. आपल्याकडे समाधान ही मनःस्थिती कमी आणि सद्गुण जास्त. "ठेविले अनंते" ऐकत वाढलेला माणूस "असमाधानी" म्हणणं म्हणजे स्वतःला हावरट म्हणणं समजतो. उत्तर आपसूक वरच्या बाजूला सरकतं. "तुम्हांला हवं तसं जमतं का?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. पण तयार, मान्यताप्राप्त भाषांतर असेल तर त्यात परस्पर फेरफार करायचा नाही. ईक्यू-५डीला तर परवानगी लागते, आणि भाषांतर त्यांच्याकडूनच घ्यायचं असतं. अशा वेळी शब्द तेच ठेवून फक्त तपासणी करा : पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि "यात तुम्हांला नेमकं काय विचारलंय असं वाटलं?" हे विचारा. अर्थ कुठे घसरतो ते तिथेच कळतं.

ढेकूळ
त्यापेक्षा "अपंग" म्हणावं की "दिव्यांग" हे आधी ठरवा. शीर्षकापासूनच गडबड आहे.

संपादक
त्यावर वेगळा धागा आहे. इथे नको.

तिरकस
दोन तास तग धरला, विक्रम आहे.

आकडेमोड
आता टक्क्यांबद्दल. ० ते १० च्या पट्टीवर २ चे ४ झाले की "शंभर टक्के सुधारणा", ७ चे ९ झाले की "साधारण २९ टक्के". दोन्हीकडे माणूस दोनच खाचा वर गेला. टक्का देऊ नका. सरासरी फरक, त्याचा फैलाव आणि किती जण ठरावीक उंबऱ्यापलीकडे गेले (आणि किती खाली आले!) एवढं द्या. उंबरा ठरवायला काहीच हाताशी नसेल तर पहिल्या मोजणीच्या प्रमाण विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) अर्धा भाग हा रूढ ठोकताळा. विचलन १.८ असेल तर ०.९.

६० माणसांत काय दिसू शकतं? समजा फरकाचं प्रमाण विचलन २ आहे आणि १ गुणाचा फरक पकडायचाय, नेहमीच्या अटींवर : नसलेला फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के, असलेला सापडण्याची ८० टक्के. आधी-नंतर त्याच माणसांत : (२.८ × २) चा वर्ग, म्हणजे ३२ माणसं (२.८ हे या अटींतून येतं). ६० मधली ३० टक्के गळली तरी ४२ उरतात, काम होतं. पण दोन गटांची तुलना हवी असेल तर हा आकडा दुप्पट आणि तोही प्रत्येक गटात : ६३ आणि ६३. तुमच्या ६० चे तीस-तीस केले तर साधारण दीड गुणापेक्षा लहान फरक हाती लागणार नाही.

तरीही तुलना हवीच, कारण लोक मदत मागायला येतात तेच मुळी सगळ्यात वाईट काळात. अपघातानंतर, शस्त्रक्रियेनंतर. तिथून काहीही न करता आकडा थोडा वर येतोच. त्या आपोआप आलेल्या वाढीचं श्रेय पायरीला आणि दांड्याला जातं.

मोजपट्टी
तीस-तीस करायची गरज नाही. सगळ्यांना साधन एकाच दिवशी मिळत नाही, रांग असतेच. रांगेतल्यांची मोजणी मंजुरीच्या वेळी एकदा आणि साधन येण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा करा. आपोआप किती हलतं ते तिथे दिसतं. मुद्दाम कोणाची मदत रोखावी लागत नाही.

सुगीचे_दिवस
फक्त या दोन मोजण्यांच्या मधे हंगाम बदललेला असेल, तेवढं ध्यानात ठेवा.

गोठेकरी
मला अजूनही वाटतं तुम्ही सगळे फार वर बघताय. जगणं वगैरे नंतर. आधी ज्या कामासाठी साधन दिलं ते काम जमतं का? कॅनेडियन व्यवसायोपचारवाल्यांची सीओपीएम पद्धत बघा. शेतकरी स्वतः अडलेली कामं सांगतो, जास्तीत जास्त पाच निवडायची. प्रत्येकाला महत्त्व, जमणं आणि समाधान यांचे १ ते १० गुण. दोन गुणांचा फरक म्हणजे अर्थपूर्ण, असं सर्वसाधारणपणे धरतात.

किंवा ध्येयाची पाच पायऱ्यांची शिडी, -२ ते +२. ट्रॅक्टरवर चढण्याचं उदाहरण देतो :
-२ : दोघांनी उचलल्याशिवाय नाही
-१ : एकाच्या आधाराने
० : जादा पायरी आणि दांडा धरून एकटा (हे अपेक्षित)
+१ : एकटा, दिवसातून चार वेळा
+२ : एकटा, दिवसातून चार वेळा आणि दुसऱ्या दिवशी खांदा न दुखता

आकडेमोड
उदाहरण छान, पण शिडी वाकडी आहे. खालच्या तीन पायऱ्या मदत मोजतात, चौथी वेळा मोजते, पाचवी दुखणं. एकटा, चार वेळा चढणारा पण खांदा भयंकर दुखणारा माणूस +१ वर. आणि एकटा दोनदाच चढणारा पण अजिबात न दुखणारा? तो कुठे? एका शिडीवर एकच गोष्ट. दुखण्याची शिडी वेगळी करा. शिवाय "अपेक्षित" काय ते साधन बसवायच्या आधी लिहून तारीख टाका. नंतर लिहिलं की प्रत्येकजण ० वर किंवा वरच निघतो.

गोठेकरी
बरोबर. खांदा काढून टाकतो.

तिरकस
खांदा राहू द्या, शिडी बदला.

खुरपं
विनोद बाजूला, खांदा महत्त्वाचा आहे. हाताने ढकलायच्या चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांचा खांदा आधीच राबलेला असतो. त्यात दांडा धरून अंग वर ओढायचं, हाताचा क्लच. तीन महिन्यांत जगण्याचा आकडा चढतो आणि पुढे दुखणं चढून तो उतरतो. एकच मोजणी तीन महिन्यांनी केली तर यश, बाराव्या महिन्यात केली तर अपयश. म्हणून दुखण्याचा प्रश्न अवयवाचं नाव घेऊन, वेगळा.

आणि साधन वापरात आहे का? "गेल्या ७ दिवसांत किती दिवस वापरलं?" हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारा. कृत्रिम पाय ढेकळांत अडकतो म्हणून खुंटीला, पायरी नांगर जोडताना आड येते म्हणून काढून ठेवलेली, असं सर्रास असतं. वापरलेलंच नसेल तर जगण्याच्या आकड्याने कशाला हलावं? पायरीवर चिखल आणि बुटाची घासण दिसते की गंज, एवढं पाहिलं तरी खरं-खोटं कळतं.

आडवाट
अजून एक न दिसणारी गोष्ट. शेतकऱ्याचं सुधारलं, पण कोणाच्या जिवावर? फेरबदलानंतर तो पुन्हा जास्त जनावरं ठेवतो आणि वरचं काम बायकोच्या अंगावर येतं. घरातल्या मुख्य मदतनिसाला दोन प्रश्न, वेगळे बसवून : दिवसाला मदतीत किती तास जातात, आणि ० ते १० मध्ये स्वतःचं कसं चाललंय. ही उत्तरं शेतकऱ्याच्या गुणांत मिसळायची नाहीत.

पाठकोरा
एक जुनी गोम राहिली. गंभीर अपंगत्व असलेले लोक स्वतःचं जगणं चांगलं आहे असं सांगतात आणि बाहेरच्यांना ते पटत नाही. १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांनी असं सांगितलं होतं. त्यामुळे सुरुवातीलाच ८ सांगणारे भेटतील. त्यांना वर जायला जागाच नाही. "खोटं बोलतोय" म्हणून कोणाचा आकडा बदलू नका.

याच्या शेजारची भानगड म्हणजे पट्टीच बदलणं. सुरुवातीला ६ म्हणणाऱ्याला आपण एकट्याने ट्रॅक्टरवर चढू शकतो हे ठाऊकच नसतं. वर्षाने तो पुन्हा ६ म्हणतो, कारण आता त्याला दूरच्या रानातही जायचंय. अपेक्षा वाढल्या, आकडा तिथेच. यासाठी शेवटी एक जादा प्रश्न : "आज मागे वळून पाहता तेव्हा कितीवर होतात?" उत्तर ३ आलं तर बरंच काही कळतं. पण हा आठवणीतला आकडा आहे आणि कोपरखळी म्हणतात ती भीड त्यातही असते. अहवालात वेगळ्या रकान्यात द्या, खऱ्या पहिल्या आकड्याच्या जागी घुसवू नका.

ढेकूळ
आणि ज्यांनी शेतीच सोडली? ते अपयशात धरायचे?

मोजपट्टी
अजिबात नाही, आणि गाळायचेही नाहीत. शेती सोडून माणूस सुखी झाला असू शकतो. शेतीत टिकला का, हा एक प्रश्न. जगणं कसं आहे, हा दुसरा. दोन स्वतंत्र ओळी. गळणाऱ्यांसाठी लांबलचक प्रश्नावलीचा हट्ट सोडा. जमेल त्या मार्गाने एकच एकंदर प्रश्न विचारा, ० ते १०, आणि कारण टिपा. ६० पैकी किती मोजले, किती दुसरीकडे राहायला गेले, किती वारले, किती सापडले नाहीत याचा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानावर. गळलेल्यांचे सुरुवातीचे आकडे उरलेल्यांपेक्षा कमी होते का, तेही तपासा. सगळ्यात हालाखीतले गळले तर राहिलेल्यांची सरासरी आपोआप चकचकीत दिसते.

वेशीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवतेय :

मंजुरी कळवल्यानंतर, साधनाआधी : वॉशिंग्टनचे सहा प्रश्न (फक्त गटांसाठी), ब्रेफ आणि तिची १३ प्रश्नांची जोड, एक एकंदर प्रश्न ० ते १०, शेतकऱ्याने निवडलेली तीन कामं आणि त्यांच्या तारीख टाकलेल्या शिड्या, दुखणं अवयवानुसार. मदतनिसाला दोन प्रश्न. रांगेतल्यांना साधनाच्या आदल्या आठवड्यात फक्त एकंदर प्रश्न आणि शिड्या. तिसऱ्या महिन्यात वापर आणि दुखणं. बाराव्या महिन्यात, कामाच्या त्याच टप्प्यावर, सगळं पुन्हा, अधिक "मागे वळून" चा प्रश्न. विचारणारे अदलाबदल करून. उदासीच्या प्रश्नांसाठी त्याच दिवशीच्या फोनची सोय आधी, ती झाल्याशिवाय सुरुवात नाही. अहवालात टक्का नाही. निधीवाल्यांना पटवणं माझ्याकडे लागलं.

एक शंका : हे सगळं एका बैठकीत होईल का?

काठीकर
नाही. समोर बसून विचारलं तर तासाच्या वर जातं आणि चाळीस मिनिटांनंतर उत्तरं ढिली पडतात. दोन खेपा करा. पहिल्या खेपेत ब्रेफ, जोड आणि एकंदर प्रश्न, कारण ते ताज्या डोक्याने व्हायला हवेत. दुसऱ्या खेपेत कामं आणि शिड्या, त्या शेतात उभं राहूनच नीट ठरतात. मधे आठवड्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. आणि वर्षानंतरही क्रम हाच. आधी शिड्या घेतल्या की माणूस अडचणी उगाळत बसतो आणि मागून विचारलेला एकंदर आकडा घसरतो.

वेशीवरची
झालं, तसंच करते. काठ्या सुताराकडे टाकल्यात, दहा खाचांच्या.

काठीकर
अकरा! शून्याचीही खाच लागते. नाहीतर अंगठा खिळ्यावर टेकून माणूस विचारतो, हे शून्य की एक?